परभाषा आणि जुनी पुस्तके
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थीजीवनातील एक प्रकरण)

परमपूज्य बाबासाहेबांची चरित्रे आता विपुल झाली आहेत. आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेतही त्यांच्यावर दरसाल दोन-चार लेख असतातच. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटना आणि धर्मदीक्षा हे विषय वाचकांस मुखोद्गत आहेत. तेव्हा त्यांची पुनरुक्ती न करिता, माझ्यासारख्या जन्मभर पोरांस बाराखडी शिकविलेल्या मनुष्यास ज्याविषयी चार शब्द बोलता येतील असा एक लहानसा विषय मी निवडिला आहे. तो असा की, बाबासाहेबांस इंग्रजी भाषा आली कशी?

हा प्रश्न विचारावयाचे कारण आपल्या घरांतच आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ मुले इंग्रजीच्या भयाने खचून जातात. एटापल्ली-भामरागडकडील मुलाच्या घरी माडिया बोलतात, सिरोंचाकडे तेलुगू बोलतात, आणि आपल्याकडील झाडीबोलीस पुस्तकी मराठीदेखील अर्धी परकीच वाटते. अशा मुलास इंग्रजी ही दुसरी नव्हे, तिसरी भाषा होय. सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी सुरू झाले, तरी भय काही गेले नाही. आणि मग कोणी बाबासाहेबांचे उदाहरण दिले की मुले म्हणतात, ते महापुरुष होते, त्यांस सर्व जन्मतःच येत होते. हा समज श्रद्धेतून आलेला असला तरी खरा नाही, आणि बाबासाहेबांवर तो एक प्रकारचा अन्यायच आहे. त्यांनी केलेले कष्टच त्यामुळे नाहीसे होतात.

दिनांक ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, जी आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध आहे, भिवा रामजी आंबेडकर या नावाने त्यांचे नाव दाखल झाले. इयत्ता होती इंग्रजी पहिली. हाच दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यात येतो. वय नऊ वर्षांचे. वर्गात इतरांपासून वेगळे, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावयाचे, पाण्यास हात लावावयाचा नाही, हे सर्व वाचकांस ठाऊक आहे. मातोश्री भीमाबाई यांचे छत्र त्यापूर्वीच हरपले होते.

परंतु या मुलास एक गोष्ट लाभली होती, जी त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांत अत्यंत दुर्मिळ होती. वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे स्वतः शिक्षक होते. पलटणीच्या शाळेत चौदा वर्षे त्यांनी मुख्याध्यापकी केलेली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून फौजेत शिपायांच्या मुलांस, इतकेच नव्हे तर मोठ्या माणसांसही शिक्षण देण्याची प्रथा होती. त्या प्रथेमुळेच महार पलटणींतील कित्येक कुटुंबांत अक्षर पोहोचले. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची फौजभरती बंद झाली आणि हा दरवाजाही मिटला. रामजींचा मुलगा त्या मिटत्या दरवाजातून कसाबसा आत आलेला होता असे म्हणावयास हरकत नाही.

रामजी मुलास इंग्रजी कसे शिकवीत, याची हकीकत चरित्रकारांनी दिली आहे, आणि ती प्रत्येक शिक्षकाने लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. हॉवर्डची इंग्रजी वाचनपुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तीनही भाग, त्यांनी मुलाकडून पक्की करवून घेतली. तर्खडकरांच्या पुस्तकाची पद्धत अशी की प्रथम काही शब्द, मग त्या शब्दांवर रचिलेली वाक्ये, आणि ती वाक्ये मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करावयाची. आज ही पद्धत जुनाट म्हणून टाकून दिली आहे. मुलाने सरळ इंग्रजीतच विचार करावा असे नवे तज्ज्ञ म्हणतात. त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याच्या घरी, दारी, वाटेवर कोठेही इंग्रजीचा एक शब्द कानी पडत नाही, त्याने त्या भाषेत विचार तरी कशाचा करावा? त्यास आपल्या भाषेच्या पायरीवर उभे राहूनच वर चढावे लागते.

आणि ही पायरी चढताना स्वभाषाही नव्याने कळते. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, आग लागते, रस्ता लागतो, अभ्यासात मन लागते आणि लग्नाला पैसाही लागतो. मराठी मुलास ही सर्व एकच क्रिया वाटते. इंग्रजी करावयास बसले की कळते की यातील प्रत्येक ‘लागणे’ निराळे आहे, आणि प्रत्येकास निराळा शब्द शोधिला पाहिजे. हा नेमका शब्द शोधण्याची सवय रामजींनी मुलास लाविली. पुढे घटना समितीत एकेका शब्दाच्या अर्थावर तासचे तास वाद चालले, तेव्हा मसुदा समितीच्या अध्यक्षांस जी नेमकेपणाची दृष्टी उपयोगी पडली, तिचा आरंभ तर्खडकरांच्या पाठमालेत झाला असावा असे मला नेहमी वाटते. हे माझे मत आहे, कोणी मान्य करावे असा आग्रह नाही.

पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. त्या खोलीतच स्वयंपाक, भांडी, सरपण, धूर, माणसे आणि शेळीसुद्धा. मुलाने रात्री लवकर निजावे, वडिलांनी दोन वाजेपर्यंत जागे राहावे, मग मुलास उठवून त्याच्या जागी आपण निजावे, अशी व्यवस्था होती. दोघांस एका वेळी आडवे होण्यापुरती जागाच नव्हती. जात्याशेजारी निजावयाचे, पायाशी शेळी, आणि मध्यरात्रीनंतर काच नसलेल्या दिव्याच्या उजेडात अभ्यास. एल्फिन्स्टन हायस्कुलात नाव होते. तेथे संस्कृत घेण्याची इच्छा होती, पण अस्पृश्यास संस्कृत शिकविण्याचे नाकारण्यात आले व फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत आपल्या प्रयत्नाने शिकून घेतले, हे सर्वश्रुत आहे. थोरले बंधू आनंदराव यांस मात्र शाळा सोडून नोकरी धरावी लागली. एका घरात एकच मुलगा शिकू शकत होता.

पुस्तकांचे वेड याच सुमारास लागले. शाळेची पुस्तके पुरत नाहीशी झाली. पैसा तर नव्हता. मुलाने नवे पुस्तक मागितले की रामजी उठत आणि आपल्या विवाहित मुलींपैकी एकीकडे जात. तिच्या अंगावरील एखादा दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक आणून देत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. पुढल्या पुस्तकास दुसरी मुलगी. त्या दोन बहिणींनी कधी नकार दिल्याचे कोठे लिहिलेले नाही. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचे वर्णन करताना लोक राजगृहातील कपाटे मोजतात. माझ्या मते मोजणी त्या बहिणींच्या दागिन्यांपासून सुरू झाली पाहिजे.

घरी वाचावयास जागा नसल्यामुळे शाळा सुटल्यावर हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. त्याच बागेत विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर फिरावयास येत. शिवछत्रपतींचे आणि गौतम बुद्धाचे चरित्र लिहिणारे तेच हे केळुसकर. एक मुलगा रोज येतो व क्रीडेत न रमता पुस्तकात डोके घालून बसतो, हे पाहून त्यांनी त्याची विचारपूस केली आणि पुस्तके देण्यास प्रारंभ केला. त्यांत शालेय पुस्तकांबाहेरचीही असत. शिक्षकाने आपल्या शाळेचा नसलेला, आपल्या जातीचा नसलेला मुलगा बागेत हेरावा आणि त्यास पुस्तके द्यावीत, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. आजही फारशी साधी आहे असे नाही.

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. हा आकडा मी मुद्दाम येथे देत आहे. आजच्या हिशेबाने तो शेकडा अडतीसच्या आत येतो. ज्या पालकांस मुलाच्या शेकडा ऐंशी गुणांवर झोप येत नाही त्यांनी तो एका कागदावर लिहून भिंतीस लावावा. गुणपत्रिकेत ते दोन वाजताचे उठणे आणि ते गहाण दागिने कोठे दिसत नाहीत. तथापि अस्पृश्य मुलगा मॅट्रिक होणे हीच त्या काळी अपूर्व घटना होती. म्हणून सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, आणि तीत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र या विद्यार्थ्यास भेट दिले. ते मराठी पुस्तक होते. एकोणपन्नास वर्षांनंतर नागपुरास जे घडले त्याचे बीज पुष्कळ लेखक या भेटीत पाहतात.

पुढे केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक मुल्लर यांनी आपली पुस्तके वाचावयास दिली, कपडेही दिले. १९१२ साली इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाली. म्हणजे इंग्रजी वाङ्मय हा त्यांच्या पदवीचाच विषय होता, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. त्यांची पुढील कीर्ती अर्थशास्त्राची आणि कायद्याची, पण पाया साहित्याचा होता. आमच्या काही मंडळींस कादंबरी वाचणे म्हणजे वेळ दवडणे वाटते. मुलगा कादंबरी घेऊन बसला की हातातून काढून घेतात आणि त्या जागी गाईड देतात. भाषा ही गाईडातून येत नाही. कथा पुढे काय होणार या ओढीने मुलगा पन्नास अनोळखी शब्द ओलांडून जातो, आणि त्यांतील दहा शब्द त्यास न कळत आपलेसे होतात. पुस्तक नवे असावे लागत नाही. कव्हर फाटलेले, कोणा अनोळखी मनुष्याचे नाव पहिल्या पानावर लिहिलेले, अर्ध्या-पाव किमतीचे पुस्तकही तेच काम करते.

याची सर्वांत मोठी साक्ष बाबासाहेबांच्या अमेरिकेतील वास्तव्यात सापडते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले, आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांचा मुलगा बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ज्या बापाने दागिने गहाण टाकून इंग्रजी शिकविले, त्यास ते पाहावयास मिळाले नाही. न्यूयॉर्कला सुरुवातीचे काही दिवस मौजेत गेले. चरित्रकारांनी तेही लपविलेले नाही. मग एके रात्री आपण येथे कशासाठी आलो याची जाणीव झाली आणि दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यासास सुरुवात झाली. अर्थशास्त्र मुख्य, जोडीस इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्राथमिक अभ्यास. प्राध्यापक सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. १९१५ साली एम. ए. झाले, आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातिसंस्थेवरचा सुप्रसिद्ध निबंध वाचिला. साताऱ्यास गोणपाटावर बसून इंग्रजी पहिलीची अक्षरे गिरविली त्यास तेव्हा सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती.

शिष्यवृत्तीच्या पैशांतून घरी पैसे पाठवावयाचे होते. तेव्हा चैन कसली? नाटक-सिनेमा नाही, मद्यपान तर नाहीच, खाण्यापिण्यातही काटकसर. एकच नाद होता, तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा. त्या काळी न्यूयॉर्क शहर जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होते. तेथील चौथ्या अ‍ॅव्हेन्यूवर अशा दुकानांची रांगच रांग होती. मोठमोठ्या विद्वानांच्या मृत्यूनंतर त्यांचे संग्रह विकले जात, विद्यार्थी परीक्षेनंतर पुस्तके विकून टाकीत, आणि नव्या पुस्तकाच्या किमतीच्या काही अंशात तेच ज्ञान मिळे. सुटीचा वेळ बाबासाहेब या पुस्तकांत घालवीत. तीन वर्षांत त्यांनी जवळजवळ दोन हजार जुनी पुस्तके जमविली. पोटास चिमटा घेऊन जमविलेले हे धन होते. न्यूयॉर्क सोडताना ती पुस्तके हिंदुस्थानात पोहोचविण्यासाठी एका मित्राच्या स्वाधीन केली. त्यांतील थोडीच त्यांच्या हाती लागली, बाकीची गहाळ झाली.

दुर्दैव येथेच थांबले नाही. लंडनला अभ्यास सुरू असता शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध सुरू होते. स्वतः एका बोटीने निघाले व सामान दुसऱ्या बोटीने पाठविले, त्यात पुस्तके होती. सामानाची बोट पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. बोट बुडाल्याची बातमी मुंबईस आली तेव्हा घरच्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले, कारण कोणती बोट हे प्रथम कळले नव्हते. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब सुखरूप मुंबईस उतरले. सामानाची नुकसानभरपाई म्हणून टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले, आणि त्याच पैशांवर ते बडोद्यास नोकरीसाठी गेले. बडोद्यास काय झाले, पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस कसे बाहेर काढिले, हे मी सांगत बसत नाही. समुद्रात पुस्तके गेली आणि जमिनीवर पाय टेकावयास जागा नाही, अशी त्या वर्षीची स्थिती होती.

माझ्या आढळात असे आले आहे की एकदा संग्रह नष्ट झाला की सामान्य मनुष्य पुन्हा त्या वाटेस जात नाही. पुरात घर वाहिलेल्यांच्या पाहणीत मी हे पाहिले आहे. भांडी पुन्हा येतात, पुस्तके येत नाहीत. बाबासाहेबांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठविले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. सकाळी उघडल्याबरोबर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात शिरावयाचे, ते बंद होताना बाहेर पडावयाचे. घरमालकीण कंजूष, न्याहारी तुटपुंजी, आणि रात्री भूक असह्य झाली म्हणजे ओळखीच्या गृहस्थांनी दिलेल्या पापडांपैकी चार पापड पत्र्यावर भाजून खावयाचे. त्याच दिवसांत जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून १९२१ साली त्यांनी स्वहस्ताने जर्मन भाषेत अर्ज लिहिला. तो अर्ज अद्याप जपून ठेवलेला आहे. कोलंबियात गिरविलेली प्राथमिक जर्मन पाच-सहा वर्षांनी अर्ज लिहिण्याइतकी पक्की झाली होती.

या लंडनच्या वास्तव्याचा शेवट भाषेच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. त्यातील ब्रिटिश सरकारच्या धोरणावरील टीका त्यांस फार तिखट वाटली होती. पैसे संपल्याने बाबासाहेब मुंबईस आले, प्रबंधाची भाषा सौम्य केली आणि पुन्हा पाठविला. निष्कर्ष मात्र एकही बदलला नाही. त्याच वर्षी डी. एस्सी. ही पदवी मिळाली आणि प्राध्यापक कॅनन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या भाषेच्या मालकांनी या देशावर राज्य केले, त्यांसच त्यांच्या भाषेत बोचेल असे लिहिता येणे, आणि मग अर्थ तोच ठेवून बोच तेवढी काढून घेता येणे, याहून परभाषेवरील प्रभुत्वाची मोठी परीक्षा कोणती असेल?

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. इंग्रजी आली म्हणून त्यांनी मराठी सोडली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ ही पत्रे निघाली ती मराठीतच. आपल्या माणसांशी बोलावयाचे ते मराठीत, आणि सरकारशी व जगाशी भांडावयाचे ते इंग्रजीत, असा त्यांचा व्यवहार होता. आज आपल्यांतील काही शिकलेली कुटुंबे मुलांस मराठी येत नाही हे अभिमानाने सांगतात. त्यांस मी काय सांगणार?

त्यानंतरचा ग्रंथसंग्रह प्रसिद्धच आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधिले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. माणसांस जागा कमी पडली तरी चालेल, पण पुस्तकांस पडू नये, अशी ती वास्तू होती. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय, आणि १९५० साली औरंगाबादेस, ज्यास आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, महाविद्यालय निघाले. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ज्यास एका खोलीत शेळीशेजारी वाचावे लागले, त्याने इतरांस वाचावयास इमारती उभ्या केल्या. घटनेचा मसुदा आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला बुद्ध व धम्म यांवरील महान ग्रंथ हे दोन्ही इंग्रजीत आहेत.

आपल्या जिल्ह्याचे भाग्य असे की १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, ते आपल्या चांद्यास आले. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत, आणि गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. आपल्याच गावचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे, जे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले, त्यांचे या समारंभात मोठे अंग होते. प्रकृती अत्यंत क्षीण झालेली असतानाही बाबासाहेबांनी येथील प्रचंड समुदायास दीक्षा दिली. ती भाषा मराठी होती. रानावनांतून बैलगाडीने, पायी, भाकरी बांधून आलेल्या त्या लोकांपैकी बहुतेकांस अक्षरओळखही नव्हती. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेब गेले.

आता त्या दीक्षाभूमीवर त्यांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या १५ व १६ तारखांस तेथे मोठी गर्दी जमते. पुस्तकांची दुकाने दुतर्फा लागतात. नव्यांबरोबर हाताळलेली जुनी पुस्तकेही एखाद्या ताडपत्रीवर पसरलेली असतात, त्यांत कोणा परीक्षार्थीने विकलेली इंग्रजी कादंबरी दहा-वीस रुपयांस मिळून जाते. गेल्या खेपेस धानोऱ्याकडील एक मुलगी तशी एक कादंबरी हातात घेऊन पहिले पान ओठांनी वाचीत उभी होती. बाप शेजारी पिशवी धरून उभा. तिने पान उलटले आणि तिथेच वाचावयास बसली, तेव्हा त्याने किंमत विचारली आणि धोतराच्या गाठीतून पैसे काढिले.